घरच्या शाळेचे नाव कोणत्या पटावर?

नाशिकच्या इंदिरानगर बोगद्यापाशी होणारी वाहनांची कोंडी नाशिककरांना नवी नाही. सकाळच्या त्या कोंडीत शाळेच्या गाड्यांचा आणि मुलांना मागे बसवून निघालेल्या पालकांच्या दुचाक्यांचा वाटा मोठा असतो. नोकरदारांची, निवृत्तांची, अंबडच्या कारखान्यांत किंवा शहरातील बँका-कचेऱ्यांत काम करणाऱ्यांची ही वसाहत. मुलांचे शिक्षण हा येथील घराघरांतला सर्वांत मोठा खर्च नसेलही, पण सर्वांत मोठी चिंता खचितच आहे. अशा वसाहतीत एखादे घर असेही निघते की, त्याच्या दारात शाळेची गाडी थांबत नाही. मूल सात-आठ वर्षांचे आहे, धडधाकट आहे, वाचते, लिहिते, गणिते सोडवते. परंतु त्याचे नाव कोणत्याही शाळेत नाही. आईवडील उच्चशिक्षित आहेत आणि त्यांनी पूर्ण विचारांती त्याला शाळेत घातलेले नाही. या प्रकारास कोणी ‘होमस्कूलिंग’ म्हणतात, कोणी ‘गृहशिक्षण’, कोणी ‘घरशाळा’. शेजारीपाजारी कुतूहलाने पाहतात, आजी-आजोबा काळजी करतात आणि पालक आपापल्या परीने खुलासे देत राहतात.

सरकारी दप्तरात मात्र या मुलासाठी एकच शब्द आहे, ‘शाळाबाह्य’. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ, रेल्वे स्थानके आणि रस्त्यावरचे सिग्नल डोळ्यांसमोर होते. ते योग्यच होते. याच नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात २०२२ साली कातकऱ्यांची लहान मुले थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेल्याचे उघडकीस आले, आणि तेही एका मुलीचा जीव गेल्यानंतर. त्या मुलांसाठी जो शब्द, तोच इंदिरानगरच्या सदनिकेत दुर्बिणीतून चंद्र पाहणाऱ्या मुलासाठी. एकाला शाळेने गाठले नाही, दुसऱ्याने शाळा नाकारली. दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु ते अंतर मोजण्याचे कोणतेही साधन शासनापाशी नाही, आणि गृहशिक्षणाच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

कायदा काय म्हणतो? २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने ‘२१ अ’ हे कलम राज्यघटनेत आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने ‘५१ अ’ मध्ये पालकांचे एक नवे कर्तव्य घातले, ते पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे. दोन्ही ठिकाणी शब्द आहे ‘शिक्षण’. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यात मात्र ‘शिक्षणा’ची ‘शाळा’ झाली. दहावे कलम पालकावर पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य सोपवते. अठरावे कलम मान्यतेवाचून शाळा चालवण्यास मनाई करते. मात्र मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगणारे एकही कलम या कायद्यात नाही. म्हणजे घरी शिकवणे कायद्याने मान्य नाही आणि गुन्हाही नाही. केंद्र सरकारची स्वतःचीच या बाबतीत इतकी संदिग्धता की, २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात एका याचिकेच्या निमित्ताने त्याने घरी शिकवण्यास आडकाठी नाही अशा अर्थाचे प्रतिज्ञापत्र केले आणि पुढे त्या भूमिकेपासून माघार घेतली.

जुने कायदे या बाबतीत अधिक शहाणे होते, असे म्हणावे लागते. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने मुलाला शाळेत पाठवून ‘किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकावर टाकले. त्या दोन शब्दांवर तेथील घरशाळा आजही उभ्या आहेत. आपल्याकडे १९६० च्या दिल्ली प्राथमिक शिक्षण कायद्यातही, मूल अन्य समाधानकारक रीतीने शिकत असेल तर ते शाळेत गैरहजर राहण्याचे सबळ कारण मानावे, अशी सोय होती. ‘समाधानकारक’ आहे की नाही हे ठरवायचे कोणी, तर सरकारने. थोडक्यात, घराला मुभा होती पण तपासणीसह. २००९ च्या कायद्यात ही मुभाही राहिली नाही आणि तपासणीही राहिली नाही.

सक्ती कशासाठी आली हे विसरून गृहशिक्षणाचा विचार करता येणार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९१७ साली करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी ते मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. हा दंड घराविरुद्ध होता. मुलाला गुरांमागे धाडणारे घर, मुलीला चुलीपाशी बसवणारे घर, ‘आमच्यात शिकत नाहीत’ म्हणणारे घर यांच्यापासून मुलाला सोडवण्यासाठी राज्यसत्तेने उचललेला तो हात होता. घर म्हणजे जिव्हाळा, शाळा म्हणजे छडी, अशी जी मांडणी अलीकडे गृहशिक्षणाच्या समर्थनार्थ केली जाते, ती महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला धरून नाही.

अर्थात इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती नाशिकच्या अगदी जवळची आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना औपचारिक शिक्षण नावालाही मिळाले नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, संसाराच्या धबडग्यात. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिले आणि मराठी गद्याला त्याच्या सर्वांत जिवंत पुस्तकांपैकी एक दिले. रमाबाई रानडे घरीच शिकल्या. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईवडिलांनी. एकोणिसाव्या शतकातील कर्तबगार मराठी स्त्रियांपैकी अनेकींची शाळा घरातच भरली, कारण बाहेरच्या शाळेत त्यांना जागा नव्हती. परंतु या प्रत्येकीमागे ती ज्या घरात होती त्या घरातील एका माणसाची मर्जी होती. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात तशी मर्जी नव्हती म्हणून ज्या निरक्षर राहिल्या, त्यांच्या आठवणी कोणी छापल्या नाहीत. मर्जीवर अवलंबून असते ती कृपा. हक्क तिला म्हणता येत नाही.

ही भीती जुनी झाली, असेही नाही. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली, पण घरच्या व्यवसायात ‘शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत’ मदत करण्याची सवलत राहिली. आता ज्या मुलाला शाळाच नाही त्याची शाळेची वेळ कोणती? ‘आमचा मुलगा घरी शिकतो’ हे वाक्य इंदिरानगरच्या संगणक अभियंत्याच्या तोंडी जितके खरे असेल, तितकेच ते उद्या एखाद्या गॅरेजच्या किंवा विडीच्या धंद्याच्या मालकाच्या तोंडी सोयीचे होऊ शकते. दहा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावंडांसाठी घरी ठेवणाऱ्या बापाच्या तोंडी तर अधिकच. गृहशिक्षणाला सरसकट मोकळीक द्यावी असे म्हणणाऱ्यांनी या वाक्याची जबाबदारी घेतली पाहिजे.

मग हे सुशिक्षित पालक शाळा का नाकारतात? त्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. एका वर्गात साठ-सत्तर मुले, पहिलीपासून चाचण्या, पाठांतर, दप्तराचे ओझे, मातृभाषा सोडून परक्या भाषेत घोकंपट्टी. ज्या मुलाला वाचायला उशिरा येते त्याला ‘ढ’ ठरवण्याची घाई आणि ज्याला लवकर येते त्याला गप्प बसवण्याची सक्ती. पुन्हा शाळा सुटल्यावर शिकवणी आहेच. अकरावी-बारावीची तर स्थिती अशी की, नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि मुलगा दिवसभर प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये. हा उघड देखावा मोडण्यासाठी राज्य सरकारला २०१८ साली कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. दोन-दोन लाख मोजून रिकामा ठेवलेला बाक समाजाला खुपत नाही. न मोजता रिकामा ठेवलेला मात्र खुपतो, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

गृहशिक्षण फुकट असते, हा समजही खरा नाही. बालभारतीची पुस्तके स्वस्त आहेत, सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशकात उभे आहे, हे मान्य. पण घरी शिकवण्यासाठी एका जाणत्या माणसाचा दिवस लागतो आणि तो माणूस बहुतेक वेळा आई असते. तिने सोडलेली नोकरी, तिचा न मिळालेला पगार, तिची न झालेली बढती हीच या शाळेची खरी फी. अर्थशास्त्रात याला संधिखर्च म्हणतात. घरच्या जमाखर्चात तो कोठेच लिहिला जात नाही. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर शहरातील महागड्या शाळेची फी त्यापुढे किरकोळ वाटेल. ज्यांना हा खर्च परवडतो त्यांनी तो करावा. मात्र आपण एक सार्वत्रिक पर्याय दाखवत आहोत असे म्हणू नये.

शिवाय प्रयोग पालकांचा असला तरी किंमत मुलाची असते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना प्रचलित शाळांत न घालता स्वतः शिकवण्याचा आग्रह धरला. आपल्याला रीतसर शिक्षण मिळाले नाही ही थोरल्या हरिलालची सल शेवटपर्यंत गेली नाही. उलट बाजूस, शाळा मध्येच सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ साली दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवाचून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, हेही खरे आहे. पण तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवली होती. पदकविजेत्यांवरून धोरण ठरत नसते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रातील प्रत्येक घर काही काळ सक्तीने घरशाळा झाले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा शासनाने दिली. इंदिरानगरात ती बऱ्याच अंशी खरी ठरली. घरात संगणक होता, वेगळी खोली होती, शंका विचारायला आईबाप होते. वडाळा-पाथर्डी रस्ता ओलांडून वडाळागावाच्या दाट वस्तीत गेले की, एका खोलीत पाच माणसे आणि एक मोबाइल, तोही बाप कामावर घेऊन गेलेला, हे दृश्य काही विरळा नव्हते. प्राथमिकचे वर्ग पूर्ववत भरायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. त्या काळाने एक गोष्ट स्पष्ट केली. घराघरांतील विषमता शाळा मिटवत नाही हे खरे, परंतु दिवसातले पाच तास ती बाजूला ठेवते. हे पाच तास ज्यांच्या आयुष्यातून गेले त्यांना शाळेची किंमत कळली. ज्यांच्या घरी त्यांची उणीव भासली नाही, त्यांच्यापैकी काहींना शाळा अनावश्यक वाटू लागली.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. नायजेरियाची रेल्वे बिघडत गेली आणि तरी सुधारली नाही, कारण जे ग्राहक ओरडले असते ते आधीच मालमोटारींकडे वळले होते. सरकारी शाळांनाही हर्शमन यांनी हाच न्याय लावला. दर्जाची चाड असलेला पालक सर्वांत आधी निघून जातो आणि मागे राहतात ते ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही असे. इंदिरानगरसारख्या वसाहतीच्या दोन पिढ्यांचा शैक्षणिक प्रवास या सूत्रात चपखल बसतो. आजच्या आजोबांपैकी कितीतरी जण नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. त्यांनी मुलांना अनुदानित मराठी शाळेत घातले. मुलांनी नातवंडांना विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले. मग मंडळ बदलले, मग शाळेच्या नावापुढे ‘इंटरनॅशनल’ लागले. गृहशिक्षण ही या निर्गमनाची शेवटची पायरी. महापालिकेच्या शाळेत गळके छप्पर आहे की पुरेसे शिक्षक आहेत, याची विचारपूस करणारा पदवीधर पालक तेथे कधीच उरलेला नाही.

म्हणून सारा दोष घरी शिकवणाऱ्या मूठभर पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुलांनी सर्व जातीवर्गांच्या मुलांत मिसळले पाहिजे, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. तो घेणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, हेही पाहावे. विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवण्याची जी तरतूद कायद्यात आहे, तिच्यातून बहुसंख्य खासगी शाळांना सूट देणारा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला म्हणून ती मुले त्या वर्गांत राहिली. समरसतेची चाड इतकी असती तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली नसती. मिसळणे घरी होत नाही हे खरे. पण वातानुकूलित बसमधून आपल्यासारख्यांतच जाऊन परत येण्यानेही ते होत नाही.

परीक्षेच्या बाबतीत तर शासनाची उदारता अचंबित करणारी आहे. दहावी-बारावीला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था १९८९ पासून आहे आणि चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला ती माध्यमिक परीक्षेस घेते. त्याच १९८९ साली नाशकातच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे बारावी न झालेल्या हजारो गृहिणींना, कामगारांना, पोलीस शिपायांना पदवीचे दार उघडून दिले. कोठे शिकलात हे न विचारता काय येते ते पाहावे, हे तत्त्व या शहराला परके नाही. म्हणजे चौदाव्या वर्षानंतर घरी शिकलेल्याला सारी दारे उघडी. सहा ते चौदा या वयात मात्र तो कोणाच्याच खिजगणतीत नाही. ज्या वयात मूल स्वतःसाठी बोलू शकत नाही, नेमक्या त्याच वयात त्याच्याकडे पाहणारे घराबाहेरचे कोणी नाही.

यावर उपाय नव्याने शोधावा लागणार नाही; तो कायद्यातच एका कोपऱ्यात पडून आहे. २०१२ साली शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन, बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. अशा मुलाचे नाव जवळच्या शाळेत असते आणि विशेष शिक्षक घरी जाऊन त्याला शिकवतो, त्याची प्रगती नोंदवतो. मूल घरी, नाव शाळेत, शिक्षकाची ये-जा. हीच रचना विचारपूर्वक घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी वाढवावी. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे. राज्याला यात पुढाकार घेता येईल.

मात्र नाव जवळच्या शाळेत म्हणजे जवळच्या महापालिका शाळेतच हवे. ते पालकाच्या पसंतीच्या खासगी शाळेत नको. पटावर त्यासाठी स्वतंत्र रकाना असावा. तो नसेल तर काय होते हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पाहिले आहे. तीन दिवसांच्या मोजणीत लक्षावधी मुले केवळ कागदावरच असल्याचे निघाले. शिक्षकसंख्या ठरवताना घरी शिकणाऱ्या मुलांची गणना करू नये, पण वर्षातून दोन भेटींसाठी शिक्षकाला वेळ द्यावा आणि ते काम निवडणूक-जनगणनेसारखे वरून लादलेले नसावे. मूल पुन्हा शाळेत येऊ इच्छील त्या दिवशी, वर्षाच्या मध्यावरही, त्याला वयानुरूप वर्गात घ्यावे. ती तरतूद चौथ्या कलमात आहेच.

यात पालकाला काय जाचक आहे? नाव नोंदवले की तपासनीस येईल, ही धास्ती. ती अगदीच निराधार नाही. आपल्याकडील तपासणी म्हणजे वहीचे समास आणि पाठ्यपुस्तकातील प्रश्नोत्तरे. पण नाव नोंदवल्याने त्या पालकाला दुसरेही काही मिळते, ज्याचा विचार सहसा होत नाही. कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. पटावर मुलाचे नाव असलेली इंदिरानगरची आई त्या समितीवर निवडून येऊ शकेल. ज्या बुद्धीने ती घरी विज्ञानाचे प्रयोग मांडते, त्याच बुद्धीने ती महापालिकेच्या शाळेतील प्रयोगशाळेला कुलूप का, हे विचारू शकेल. हर्शमन यांच्या भाषेत, निघून गेलेला आवाज परत येईल. अर्थात अशी आई समितीत आली की वडाळागावातल्या धुणीभांडी करणाऱ्या आईला बोलू देईल का, हा प्रश्न उरतोच. मुख्याध्यापकांना तेथे थोडे लक्ष घालावे लागेल.

शिक्षकाच्या भेटीबद्दल एवढे सांगितले पाहिजे की, ती परीक्षा नसावी. मूल कोणत्या इयत्तेचे आहे याची चौकशी नको. ते स्वतः होऊन काय वाचते, बेरीज-वजाबाकी व्यवहारात करते का, आठवड्यातून किती वेळा घराबाहेरच्या मुलांत खेळते, एवढे पाहावे. त्याला आवडलेली एखादी गोष्ट मराठीत चार ओळींत लिहून घ्यावी आणि मागच्या भेटीच्या कागदाशेजारी ठेवावी. आणि काही मिनिटे तरी शिक्षकाने मुलाशी एकट्याने बोलावे. आईवडिलांना चहा करायला आत पाठवून, त्याला शाळेत यावेसे वाटते का, हे विचारावे आणि ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत त्या रकान्यात लिहावे.